बसूशी कुणी बोलायचं

आत्याला नाव ठेवायचा मान असतो, आजीची जीभ कापायचा नसतो. पण विजयालक्ष्मीला हे सांगणार कोण? रुद्रप्पाची ही थोरली लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि तेव्हापासून सोलापुरातल्या माहेरी तिचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल झाला. बारशाला तिने भाच्याचं नाव शर्विल ठेवलं. तिच्या आईच्या, सावित्रम्माच्या, तोंडी ते काही बसेना, म्हणून तिने आपल्या सासऱ्यांच्या, बसलिंगप्पांच्या नावावरून नातवाला बसू म्हणायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळी भवानी पेठ त्याला बसूच म्हणायला लागली. शर्विल राहिला लसीच्या कार्डावर. ते विजयालक्ष्मीला झोंबलं असेल तर तिने तसं बोलून दाखवलं नाही. तिने दुसराच सूड उगवला.

दिवाळीला आली, पोराला मांडीवर घेतलं, चार वेळा 'आत्या म्हण' म्हटलं, तो काही म्हणाला नाही. झालं. सव्वा वर्षाचं पोर एक शब्द बोलत नाही, तुम्हाला कुणाला काही वाटतं की नाही, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. वर्कशॉपला जाऊन आली होती म्हणे कुठल्याशा. आई मराठी बोलते, आजी कन्नड बोलते, पोराच्या डोक्यात नुसता काला होतोय, असं तिचं म्हणणं. जाताना हुकूम सोडून गेली, आजपासून या घरात कन्नड बंद.

आणि घराने ऐकलं. सांगतानासुद्धा मस्तकात तिडीक जाते. ज्या घरात देवाला हात जोडायचे ते कन्नडमध्ये, भांडायचं ते कन्नडमध्ये, तिथं रुद्रप्पासारखा माणूस जेवताना मुकाट ताटाकडे बोट दाखवून भाजी मागायला लागला. खाली सुतळीच्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाशी त्याचं कन्नड खुशाल चालू. बंदी खरी कुणाला झाली तर सावित्रम्माला. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं मराठी तिला येत होतं, पण लेकराशी लाडानं बोलायला घासाघिशीची भाषा काय कामाची? ती भांडली नाही, रुसली नाही. ती गप्प झाली, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सून शिवलीला तर खूश झाली होती. ती वेळापूरची, मराठी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हापासून सासू, नणंद, नवरा तिच्या डोक्यावरनं कन्नडमध्ये बोलायचे आणि मध्येच हसायचे. आपल्यालाच हसतायत, असं तिला दर वेळी वाटायचं. बंदी आली तेव्हा नणंदेला चहा देताना ती म्हणाली होती, "लई बरं केलंत अक्का."

आज रविवारी बसूचं जावळ होतं. वेळापूरहून आलेल्या मामाच्या मांडीवर बसून त्याने न्हाव्याला शिव्या दिल्यासारखं रडून घेतलं. पाहुणे गव्हाची गोड हुग्गी खाऊन गेले. पुढच्या खोलीत घरचीच माणसं उरली आणि तुळतुळीत डोक्याला चंदन फासलेला बसू दुकानातून आणलेलं सुतळीचं रिकामं लाकडी रीळ फरशीवर गडगडवत बसला.

विजयालक्ष्मीने पिशवीतून रंगीत कार्डांचा गठ्ठा काढला.

"शर्विल, इकडे बघ. हे काय आहे? काऊ. म्हण, काऊ."

बसूने रीळ पलंगाखाली ढकललं. वाकून बघितलं. मग वळून एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, की बघा, काय झालं ते. कुणी काही म्हणेना. त्याने स्वतःच पलंगाखाली शिरून ते ओढून आणलं.

"हे आधी बाजूला ठेवूया," म्हणत विजयालक्ष्मीने रीळ काढून घेतलं. "पाहिजे ना? मग 'दे' म्हण. दे. म्हण बघू."

"अं," बसू हात पुढे करून म्हणाला.

"अं नाही. दे."

"अं." आता दोन्ही हात पुढे.

"तोंडाने माग, शर्विल. हाताने नाही. चन्ना, बघतोयस ना? तुम्ही हाताने मागितलं की देता, मग तो कशाला बोलेल?"

चन्नवीर, बसूचा बाप, मोबाइलमध्ये बघत हुं म्हणाला. बहिणीपुढे तो कायम हुंच म्हणतो. बसू रडला, मग रडायचा थांबला. हात खाली घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. रीळ आता त्याच्या डोळ्यांसमोर धरलं तरी तो बघेना.

"बघा, प्रयत्नच करत नाही तो," विजयालक्ष्मी म्हणाली.

शिवलीला दाराशी ताटं गोळा करत होती. ताटं तिने तशीच खाली ठेवली. सकाळपासून ती धुमसत होती ती ह्याच रिळावरून.

सकाळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. सावित्रम्मा शेजारी गहू निवडत बसलेली. बसू हेच रीळ घेऊन आला, आजीच्या मांडीवर टाकलं आणि तोंडाकडे बघत उभा राहिला. पूर्वी हा त्यांचा खेळ असायचा. त्याने रीळ टाकायचं, आजीने 'अय्यो, पडलं की' असं काहीतरी कन्नडमध्ये म्हणायचं आणि गुडघ्यावर हात ठेवून थांबायचं. मग तो काहीतरी आवाज काढायचा. मग ती. कधी रीळ सोडून तो चाळणीकडे जायचा, तर हीसुद्धा रीळ सोडून चाळणीचं बोलायची. तासन्‌तास चालायचं हे, आणि शिवलीलाला तेव्हा त्याचाही राग यायचा. आज सावित्रम्मा नुसती हसली. बसू थांबला. अजून थांबला. मग त्याने दोन बोटं आजीच्या ओठांवर ठेवली आणि ओठ उघडायला लागला.

सावित्रम्माने ती बोटं हातात धरली, त्यांचा मुका घेतला आणि पुन्हा गहू निवडायला लागली. बसू रीळ तिथंच टाकून निघून गेला. शिवलीलाचे हात कणकेत तसेच राहिले होते. आपण कशाला 'बरं केलंत' म्हणालो, असं तिला झालं.

"अक्का, ते रीळ द्या त्याला," ती आता म्हणाली.

"देते की. बोलला की देते."

"तो मघाशीच बोलला. दोनदा बोलला. तुमाला ऐकू आलं न्हाय."

विजयालक्ष्मीने भावाकडे बघितलं, मग बापाकडे. "हे बघ शिवलीला, मी त्याची दुश्मन नाही. इतके महिने घरात मराठी आहे तरी काही फरक नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे. अव्वा त्याला झोपवताना कन्नडमध्ये गुणगुणते. मी फोनवर स्वतः ऐकलं. म्हणून अप्पांशी बोलून मी ठरवलंय, सिद्रामप्पामामा उद्या जीप घेऊन येतोय. अव्वा काही महिने गावाकडे राहील. तिलाही बदल होईल."

आतल्या दाराच्या चौकटीला टेकून सावित्रम्मा उभी होती. तिला हे आत्ताच कळत होतं. भावाची जीप तिला न्यायला येणार हे तिच्या भावाला माहीत, नवऱ्याला माहीत, लेकीला माहीत, फक्त तिला माहीत नव्हतं. म्हशीला विकतानासुद्धा तिच्यासमोर सौदा करतात.

रुद्रप्पा खाली मान घालून पानाचा देठ खुडत होता. लेक फोनवर बोलली तेव्हा त्याला ते पटलं होतं. नातू बोलायला लागला पाहिजे, त्यासाठी काहीही. चार महिने बायको भावाकडे राहिली तर काय बिघडतं? आपण तिला सावकाश सांगू, असं त्याने ठरवलं होतं आणि रोज उद्यावर ढकललं होतं. आता ती दारात उभी आहे हे त्याला न बघताही कळत होतं आणि त्या देठात खुडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अव्वांना विचारलं का कुणी?" शिवलीलाने विचारलं.

"तिला काय विचारायचं त्यात? तिच्या नातवाच्या भल्याचंच आहे. आणि तू कधीपासून अव्वाची बाजू घ्यायला लागलीस? दिवाळीला तूच म्हणालीस, लई बरं केलंत."

"व्हय, म्हणाले की. तुमी सगळी माझ्या डोक्यावरनं बोलता, मी मुकी होऊन पोळ्या लाटते, म्हणून म्हणाले. माझ्या रागापायी म्हणाले. पोराच्या भल्याचं माझ्या मनातबी न्हवतं." तिने बसूकडे हात केला. "आन तवापासनं बघतीय मी. हे पोर आदी दिवसभर आवाज करायचं. बोट दाखवायचं, वस्तू आणून द्यायचं. आता आणून द्यायचंबी कमी झालंय. न्हाय बोलत म्हणून तुमी औषध दिलं आन होतं तेवढंबी गेलं."

"वहिनी म्हणून ऐकून घेतेय. तुला त्यातलं काय कळतं?"

"मला न्हाय कळत. डॉक्टरला कळत असंल की." शिवलीला नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमी बसूला घेऊन डॉक्टरकडं गेलता, कान तपासायला. काय म्हणाले ते सांगा अक्कांना."

चन्नवीरने मोबाइल पालथा ठेवला. "सांगितलं की तेव्हाच. कान चांगले आहेत म्हणाले."

"अजून काय म्हणाले?"

"अजून काय. खेळा त्याच्याशी म्हणाले."

"एवढंच?"

चन्नवीर खोटं बोलण्यात अगदीच कच्चा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, लहानपणापासून. त्या बघून आधी विजयालक्ष्मीच म्हणाली, "चन्ना, काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणजे," तो फरशीकडे बघत बोलला, "घरात भाषा किती बोलतात विचारलं. मी म्हणालो, आता एकच ठेवलीय. तर म्हणाले, कशाला? दोन भाषांनी कुणी मुकं होत नाही. जो त्याच्यापाशी जास्त बसतो त्याने आपल्या भाषेत बोलावं. तो ज्याच्याशी खेळतोय त्याच्यावर बोला म्हणाले. आपलं खेळणं त्याच्या पुढ्यात नाचवू नका, तो कुठं बघतोय ते बघा. एक वाक्य बोला आणि थांबा. त्याने नुसता आवाज काढला, हात केला, तरी ते उत्तर आहे असं धरा. आणि बोल बोल म्हणून परीक्षा घेऊ नका. अजून दोन महिन्यांनी परत आणा म्हणाले, तेव्हा बघू."

"कधी म्हणाले हे?" शिवलीला.

"संक्रांतीच्या आधी."

"आन तुमी मला सांगितलं न्हाय."

"अक्काला वाईट वाटलं असतं."

"अक्काला वाईट वाटलं असतं." शिवलीलाने ते वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. "आन तुमच्या आईला? ती तोंड शिवून बसली, तिला चांगलं वाटत होतं व्हय? पोरगं तिचं तोंड उघडाय बघतंय बोटांनी, आन तुमी डॉक्टरचं सांगणं खिशात घालून फिरताय. माणूस हाय का कोण तुमी?"

चन्नवीर काही बोलणार तेवढ्यात विजयालक्ष्मी उसळली. आणि उसळली ती कन्नडमध्ये.

तिचं तिलाही ते कळलं नाही. पुण्यात वर्षानुवर्षं तिने कन्नडचं अक्षर उच्चारलं नव्हतं. सोसायटीत तिला कुणी विचारलं तर ती 'सोलापूरची' एवढंच सांगायची, पुढचं नाही. पण संताप काही पुण्यात वाढला नव्हता. तो याच खोलीत, याच भावावर ओरडत वाढला होता, आणि तो ज्या भाषेत होता त्याच भाषेत बाहेर आला. मला तोंडघशी पाडलंस, मी मूर्खासारखी सगळ्यांना सल्ले देत बसले, तू एक फोन करू शकला नाहीस, असं काहीबाही ती बोलत होती आणि प्रत्येक वाक्याला हात झटकत होती. चन्नवीरनेही मग आवाज चढवला, तोही कन्नडमध्येच. तुझ्यापुढे कुणाची बोलायची सोय आहे का, म्हणाला. रुद्रप्पा दोघांना गप्प करायला उठला आणि दोघांपेक्षा मोठ्याने ओरडायला लागला. शिवलीलाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण या वेळी आपल्याला कुणी हसत नाही एवढं कळत होतं.

भिंतीकडे तोंड करून बसलेला बसू वळला.

त्याने आत्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग आज्याकडे. जो बोलेल त्याच्याकडे मान फिरत होती. मग तो भिंतीला धरून उठला, डुलत डुलत खोलीच्या मधोमध आला आणि बोलायला लागला. शब्द एक नाही. पण चढ, उतार, दम, सगळं होतं. आत्यासारखा हात झटकला, वाक्य संपवावं तसा आवाज खाली आणला, आणि थांबला. उत्तरासाठी थांबला.

तिघंही गप्प झाली. कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर बसूने परत एक लांबलचक ऐकवलं, आणि परत हात झटकला.

रुद्रप्पाला हसू फुटलं. "वकील झालाय की बे हा."

"ही काही भाषा नाही, अप्पा," विजयालक्ष्मी मराठीवर आली. डोळे भरून आले होते, पण हटायची नव्हती. "नुसती बडबड आहे. माझी सानवी आठव्या महिन्यात बॉल म्हणाली होती. स्वच्छ. का? एकच भाषा होती म्हणून. मी एकही कन्नड शब्द तिच्या कानावर पडू दिला नाही."

सावित्रम्मा दारातून आत आली. ती मराठीतच बोलली. सुनेलाही कळावं म्हणून असेल.

"सानवी लौकर बोलली. व्हय. माझ्याशी काय बोलली?"

"अव्वा, हे काय आता मध्येच..."

"मदी न्हाय. ह्येच हाय. फोन लावला की म्हणती, हॅलो आजी, कशी हैस. मी म्हणती, बरी. मग फोन तुज्या हातात. तिला माझं कळत न्हाय, मला तिचं येत न्हाय. उन्हाळ्यात हितं आली, अंगात ताप. तू दमून झोपलीस. मी उशाला बसले. पोरगी रडत हुती, काय दुखतंय ती सांगत हुती, आन मला तिला उगी म्हणायला शब्द न्हवता. माझ्या पोटच्या लेकीची लेक. पाहुण्यासारकी बसले मी तितं."

विजयालक्ष्मी हातातल्या रिळाकडे बघायला लागली.

"तवाबी तूच सांगिटलंस, कन्नड नको. म्हटलं, शिकलेली लेक हाय, तिला कळत असंल. गप बसले. एक नात अशी गेली माझी." सावित्रम्माने हात पुढे केला आणि लेकीच्या मुठीतलं रीळ काढून घेतलं. "ह्यो नातू मी देणार न्हाय. मी कुटंबी जाणार न्हाय. आन गप पण बसणार न्हाय. कुणाला सोसत नसंल त्यानं कानात बोटं घालावी."

नंतर ती रुद्रप्पाकडे वळली, आणि त्याला जे काय बोलली ते कन्नडमध्ये बोलली. चन्नवीरने ते मराठीत सांगायला साफ नकार दिला. रुद्रप्पाने मात्र ऐकलं, खिशातून फोन काढला आणि मेहुण्याला लावला. सिद्रामप्पाने उद्या यायची गरज नाही. का म्हणजे? तुझी बहीण यायला रिकामी नाही. होय, मी विचारलं नव्हतं तिला. होय, चूक झाली, आता तूपण सुरू करू नको.

विजयालक्ष्मी कार्डं गोळा करून पलंगाच्या कडेला बसून राहिली. भल्यासाठीच केलं मी, असं ती एकदा म्हणाली, पण सानवीच्या की बसूच्या ते कुणी विचारलं नाही. पाचची पुण्याची गाडी होती, ती तिने जाऊ दिली. चन्नवीर उठला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा जेवणाची ताटं उचलून आत घेऊन गेला. शिवलीलाने त्याला वाट दिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचा हिशोब अजून व्हायचा होता.

सावित्रम्मा फरशीवर मांडी घालून बसली. रीळ तिने बसूच्या पुढ्यात ठेवलं आणि हात मागे घेतला. बसूने ते उचललं, उलटं केलं, त्याच्या भोकात बोट घातलं. बोट अडकलं. त्याने ते आजीला दाखवलं आणि कितीतरी वेळ काहीतरी सांगितलं.

"हौदा?" सावित्रम्मा म्हणाली. असं का? आणि तिनेही आपलं एक बोट दुसऱ्या बाजूने त्याच भोकात घातलं. "आमेले?" मग पुढं?

बसूने पुढचं सांगायला घेतलं. शिवलीला उभ्या उभ्या ऐकत होती. तिला परत तसंच वाटायला लागलं, आपण बाहेर आणि ही दोघं आत. यापुढे रोज असंच असणार, आणि हे आपणच भांडून मिळवलं. हात पदराला पुसत तिने जरा घुश्शातच विचारलं, "काय म्हणतोय तो अव्वा?"

सावित्रम्माने वर बघितलं नाही. बसूचं सांगणं चालू होतं. ते संपेपर्यंत ती थांबली आणि शेजारची फरशी तिने हाताने झाडली.

"मला तरी कुटं कळतंय? बस हितं. तुलाबी सांगंल."